मका सोलणाऱ्यांच्या गावचे वस्ताद

मुलांनो, अ‍ॅटलास काढा आणि उत्तर अमेरिकेचं पान उघडा. एक बोट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठेवा, दुसरं पश्चिम किनाऱ्यावर. आता दोन्ही बोटं सावकाश एकमेकांकडे सरकवा. ती जिथे भेटतील, त्याच्या आसपास ‘नेब्रास्का’ हे नाव दिसेल. आज आपल्याला तिथे जायचं आहे. तिकीट नको, पासपोर्ट नको. फक्त बोट जागेवरून हलू देऊ नका, म्हणजे झालं!

तुम्ही म्हणाल, ‘अमेरिकेलाच जायचं, तर न्यूयॉर्कला जाऊ या की!’ खरं आहे. नेब्रास्कात समुद्र नाही, धबधब्यासाठी गर्दी नाही, गगनचुंबी इमारतींचं जंगलही नाही. या राज्याच्या पूर्व भागात दिसतो तो मका. रस्त्याच्या या बाजूला मका, त्या बाजूला मका. भर उन्हाळ्यात तो माणसापेक्षा उंच होतो. हिवाळ्यात हीच शेतं बर्फाखाली झोपतात आणि पारा शून्याच्या खूप खाली उतरतो. असं हे शेतकऱ्यांचं राज्य. पण खेळाच्या जगातलं एक नवंकोरं काम या राज्यातच नावारूपाला आलं. त्या कामाची गोष्ट ऐकायलाच आपण निघालो आहोत.

बी फोकणारा शेतकरी

नेब्रास्काची राजधानी आहे लिंकन. पूर्वी या गावाचं नाव होतं लँकेस्टर. १८६७ साली नेब्रास्काला राज्याचा दर्जा मिळाला, हे गाव राजधानी ठरलं आणि त्याला अब्राहम लिंकन यांचं नाव मिळालं. पुढे दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, इथे विद्यापीठ स्थापन झालं.

लिंकनजवळ पोचलं, की सर्वांत आधी एक मनोरा दिसतो. ते आहे राज्याचं विधानभवन. मनोऱ्याची उंची ४०० फूट. त्याच्या टोकावर कोण उभं आहे, ओळखा बरं? राजा नाही, सेनापती नाही. तिथे उभा आहे मुठीने बी फोकणारा एक शेतकरी! जवळजवळ वीस फूट उंचीचा हा पुतळा ब्रॉन्झचा आहे. गावात कुठेही गेलात, तरी मान वर केली की हा पेरणारा दिसतोच.

आता मनोऱ्याकडून विद्यापीठाकडे वळू या. इथे एक प्रचंड स्टेडियम आहे, ‘मेमोरियल स्टेडियम’. युद्धांत कामी आलेल्या नेब्रास्काच्या लोकांची आठवण म्हणून ते बांधलं आणि १९२३ साली खुलं झालं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ इथे खेळतो. सामन्याच्या दिवशी पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं येतात, बहुतेक सगळी लाल कपड्यांत. राज्यातली ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरं सोडली, तर एवढी वस्ती नेब्रास्कातल्या एकाही गावाची नाही. म्हणून लोक गमतीने म्हणतात, ‘सामन्याच्या दिवशी हे स्टेडियमच राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं!’

हा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही, बरं का. चेंडू अंड्याच्या आकाराचा, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. चेंडू हातात घेऊन पुढे घुसायचं आणि समोरच्या अकरा जणांनी तुम्हाला आडवं पाडायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात, तर चेंडू तुमच्याकडेच राहतो. म्हणजे थोडी धाव, थोडी कुस्ती आणि भरपूर धक्काबुक्की!

या संघाचं नाव आहे ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. १९०० च्या सुमारास हे नाव रूढ झालं. त्याआधी या संघाला काय म्हणत, माहीत आहे? ‘बगईटर्स’, म्हणजे चक्क किडेखाऊ! नाव बदललं ते बरंच झालं, हो की नाही?

पाठ दुखणाऱ्या मुलाची गोष्ट

१९६९ सालची गोष्ट. बॉयड एप्ली नावाचा एक विद्यार्थी या विद्यापीठात होता. खेळ त्याचा बांबूउडी. पण पाठीला दुखापत झाली आणि उड्या बंद पडल्या. स्टेडियमच्या उत्तर टोकाला तेव्हा एक जुनी क्रीडा-इमारत होती आणि तिच्यात वजनं ठेवलेली एक लहानशी खोली. बॉयड रोज तिथे जाऊन व्यायाम करू लागला.

त्याच खोलीत फुटबॉल संघातले काही जखमी खेळाडूही येत. बॉयड काय करतो ते त्यांनी पाहिलं आणि तेही तसंच करू लागले. काही काळाने ते मैदानावर परतले, तेव्हा एक नवल दिसलं. दुखापतीमुळे ते कमजोर व्हायला हवे होते. उलट पूर्वीपेक्षा दणकट झाले होते! टॉम ऑस्बोर्न नावाच्या सहायक प्रशिक्षकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी बॉयडला बोलावून घेतलं. बॉयड घाबरला. त्याला वाटलं, आपण फुटबॉलवाल्यांना भलतंच काही शिकवतो म्हणून आता बोलणी बसणार. पण ऑस्बोर्न म्हणाले, ‘हे सगळ्या संघाला शिकवशील का?’

बॉयडने लागणाऱ्या सामानाची यादी दिली. ऑस्बोर्न यांनी ती एका झटक्यात मान्य केली. आता बॉयडला वाटलं, अरेच्चा, आपण कमीच मागितलं की! म्हणून दुसऱ्या दिवशी तो परत गेला आणि म्हणाला, ‘सर, यादीचं दुसरं पान द्यायचं राहिलंच होतं!’ एप्ली ही आठवण पुढे हसत हसत सांगत असत.

पण एक मोठा अडथळा बाकी होता, मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हेनी. त्या काळी बहुतेक प्रशिक्षकांची अशी ठाम समजूत होती, की वजनं उचलली की खेळाडूचं अंग आखडतं आणि तो मंद होतो. डेव्हेनी यांनी परवानगी दिली, पण बजावलं, ‘एक जरी खेळाडू मंद झाला, तरी तुझी नोकरी गेली!’

नोकरी तरी केवढी? तासाला दोन डॉलर! पण एप्लीने ती घेतली. कॉलेजच्या खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी पगारावर नेमलेला पहिला प्रशिक्षक म्हणून त्याचंच नाव बहुतेक ठिकाणी घेतलं जातं. इंग्रजीत या कामाला म्हणतात ‘स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच’. स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद. कंडिशनिंग म्हणजे शरीर तयार ठेवणं, दमसास वाढवणं. नाव लांबलचक आहे. आपण आपले त्यांना ‘ताकदीचे वस्ताद’ म्हणू. तालमीत पैलवानाला घडवणाऱ्याला आपण वस्तादच म्हणतो ना?

वहीतली जादू

आता नोकरी टिकवायची, तर खेळाडू मंद झाले नाहीत हे दाखवायला हवं. ते कसं दाखवणार? एप्लीने उपाय काढला मोजण्याचा. चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर धावायला किती सेकंद लागतात? जागेवरून उंच उडी किती जाते? किती वजन उचलतं? प्रत्येकाची आधी चाचणी, मग व्यायाम आणि मग पुन्हा चाचणी. सगळे आकडे लिहून ठेवायचे. वाद घालायची गरजच नाही. आकडेच बोलतील!

आणि आकडे बोलले. खेळाडू मंद तर झालेच नाहीत, उलट चपळ झाले. १९६७ आणि १९६८ या दोन्ही हंगामांत नेब्रास्काने दहापैकी सहाच सामने जिंकले होते. तोच संघ १९७० मध्ये देशात अव्वल ठरला, १९७१ मध्ये पुन्हा! हे सगळं एकट्या वजनांमुळे झालं, असं म्हणणं बरोबर नाही. डेव्हेनींचं डोकं होतं, खेळाडूंची जिद्द होती. पण एप्लीला नोकरीवरून काढायची भाषा मात्र पुन्हा कुणी केली नाही. पुढे ऑस्बोर्न स्वतः १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या काळात संघाने २५५ सामने जिंकले आणि १९९४, १९९५ व १९९७ असं तीनदा अव्वल स्थान मिळवलं.

यात मला आवडते ती आणखी एक गोष्ट. नेब्रास्काच्या संघात खेड्यापाड्यांतली पुष्कळ मुलं शिष्यवृत्तीशिवाय येत. मोठ्या संघांनी ज्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं, अशी ती शेतकऱ्यांची मुलं. त्यांनी वजनांच्या खोलीत वर्षं-दोन वर्षं घाम गाळायचा, वहीतले आकडे वाढवायचे आणि एक दिवस लाल जर्सी घालून मैदानात उतरायचं. विधानभवनावरचा तो बी फोकणारा शेतकरी आठवतो ना? पेरलं की लगेच उगवत नाही, हे त्या मुलांना कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

मग ही ताकद वाढते तरी कशी? प्राचीन ग्रीसमध्ये मिलो नावाच्या पैलवानाची एक दंतकथा सांगतात. तो रोज एक वासरू खांद्यावर उचलून चालायचा. वासरू दिवसादिवसाने वाढत गेलं आणि त्याबरोबर मिलोची ताकदही. शेवटी तो अख्खा बैल उचलू लागला! दंतकथा सोडून द्या, पण तिच्यातलं तत्त्व खरं आहे. ओझं हळूहळू वाढवायचं.

वजन उचलताना स्नायूंवर ताण पडतो. नंतर जेवण, विश्रांती आणि झोप मिळाली, की शरीर त्या स्नायूंची डागडुजी करतं. हुशार गवंडी भिंत दुरुस्त करताना ती पूर्वीपेक्षा थोडी पक्कीच करून ठेवतो, तसं. म्हणजे ताकद नुसती व्यायामाच्या वेळी वाढत नाही, ती व्यायामानंतर वाढते! ज्याने विश्रांतीच दिली नाही, त्याची भिंत अर्धवटच राहिली म्हणायची.

आपले मुद्गल अमेरिकेत

एप्लीच्या आधी अमेरिकेत कुणी व्यायामच करत नव्हतं की काय? करत होते तर! आणि त्यात आपलाही थोडा वाटा आहे. आपल्या तालमींतले लाकडी मुद्गल तुम्ही पाहिले असतील. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी ते पाहिले, उचलले आणि आपल्या देशी नेले. तिथून ते अमेरिकेत पोचले. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये सिम केहो यांनी या ‘इंडियन क्लब’वर एक पुस्तकच छापलं. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या व्यायामशाळांत मुद्गल फिरू लागले.

दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यात अ‍ॅल्विन रॉय हे गृहस्थ १९५० च्या दशकातच फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडून वजनं उचलून घेत होते. त्यांनी मदत केलेला लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा संघ १९५८ मध्ये देशात पहिला आला. म्हणजे वाट थोडी मळलेली होती. एप्लीने तिचा रस्ता केला. १९७८ साली त्याने देशभरातल्या अशा वस्तादांना लिंकनला बोलावलं. ७६ जण जमले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९८१ मध्ये तिच्या नावात ‘कंडिशनिंग’ हा शब्द आला. पुढे या संघटनेने परीक्षा सुरू केली. म्हणजे आता नुसते पिळदार दंड दाखवून वस्ताद होता येत नाही, आधी पेपर लिहावा लागतो!

पहाटे पाचला काय चालतं?

हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेचार वाजतात, शाळेची घंटा होते आणि तुम्ही दप्तर पाठीला लावून पळता, तेव्हा लिंकनमध्ये पहाटेचे पाच वाजलेले असतात. बाहेर काळोख आणि बर्फ. अशा वेळी कॉलेजांतले ताकदीचे वस्ताद खोलीचे दिवे लावतात. खेळाडूंना दिवसा तास असतात, अभ्यास असतो. म्हणून पहिली तुकडी उजाडायच्या आतच येते.

मुलं येण्यापूर्वी फळ्यावर त्या दिवसाचा व्यायाम लिहून तयार. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला काल ताप होता, कुणाची परीक्षा आहे म्हणून झोप झालेली नाही, हे सगळं वस्तादाला ठाऊक हवं. मग अंग मोकळं करण्याचे व्यायाम आणि त्यानंतर पोलादी दांडा. नुसत्या दांड्याचंच वजन २० किलो असतं. त्यावर दोन्ही बाजूंनी प्लेटा चढवायच्या. नवीन मुलाला आधी रिकामा दांडा. पाठ सरळ आहे का? टाचा टेकलेल्या आहेत का? एवढं जमलं, की मगच पुढची प्लेट. एक जण उचलत असताना दुसरा आधाराला मागे उभा राहतो.

हंगामाप्रमाणे व्यायाम बदलतो, जशी शेतातली कामं बदलतात. सामने नसतात तेव्हा ताकद कमवायची. सामने जवळ आले की वेग आणि चपळाई. सामने सुरू झाले की कमावलेलं टिकवायचं, खेळाडूला दमवायचं नाही. कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची एनसीएए नावाची संघटना आहे. तिच्या नियमानुसार खेळाडूंकडून हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव करून घेता येत नाही. ती मुलं शेवटी विद्यार्थीच आहेत ना!

हे काम मिळतं कसं? बहुतेक जण स्वतः कॉलेजात काहीतरी खेळलेले असतात. शरीरशास्त्र, व्यायामशास्त्र अशा विषयांत पदवी घ्यायची. परीक्षा द्यायची. त्यात विज्ञानाचा एक भाग आणि प्रत्यक्ष कामाचा दुसरा. शिवाय हृदय बंद पडल्यास प्रथमोपचार कसे करायचे, याचं प्रमाणपत्रही लागतं. मग उमेदवारी! उमेदवार काय करतो? प्लेटा पुसतो, पाण्याच्या बाटल्या भरतो, वेळ मोजतो. पुष्कळदा पगाराशिवायच. त्यानंतर सहायक आणि फार वर्षांनी मुख्य वस्ताद. लहान कॉलेजात एकच माणूस सगळ्या संघांना पुरतो. मोठ्या विद्यापीठातल्या मुख्य वस्तादाला मात्र घसघशीत पगार मिळतो.

पण ही नोकरी भरवशाची नाही, हेही ऐकून ठेवा. संघ हरू लागला की विद्यापीठ मुख्य प्रशिक्षकाला काढतं. नवा प्रशिक्षक येतो तो आपली माणसं घेऊन. मग जुन्या वस्तादाने काही चूक केलेली नसली, तरी बिऱ्हाड बांधायचं आणि दुसऱ्या गावी जायचं. त्याच्या मुलांची शाळा पुन्हा बदलते. तीस वर्षांहून जास्त काळ एकाच विद्यापीठात राहिलेले एप्ली यांच्यासारखे फार थोडे.

‘थांब’ म्हणणारा माणूस

आता बोट जरा पूर्वेकडे सरकवा. वॉशिंग्टनजवळ मेरीलँड राज्य आहे. तिथल्या विद्यापीठात २०१८ साली जे घडलं, ते तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. सांगायलाच हवं, असं वाटतं.

२९ मे २०१८ हा दिवस. फुटबॉल संघाच्या मुलांना ११० यार्डांच्या दहा धावा लागोपाठ धावायच्या होत्या. जॉर्डन मॅकनेअर नावाचा १९ वर्षांचा मुलगा शेवटी शेवटी धडपडू लागला. त्याला उष्माघात झाला होता. अशा वेळी पहिला उपाय एकच, ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बसवून अंग गार करणं. आधी गार पाणी, मग दवाखाना. त्याला पाण्यात बसवलं गेलं नाही. मदत बोलवायला उशीर झाला. १३ जूनला जॉर्डन गेला.

पुढे चौकशी झाली. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी उघडपणे जबाबदारी मान्य केली. संघाच्या ताकदीच्या प्रशिक्षकाने पद सोडलं. जॉर्डनच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने संस्था काढली. इतरांच्या मुलांना उष्माघाताचा धोका कळावा, म्हणून ती काम करते. २०२१ मध्ये मेरीलँड राज्याने खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या कायद्यालाही त्याचंच नाव दिलं.

मुलांनो, वस्ताद ओरडतो, ‘आणखी एक!’ आणि खेळाडू दात-ओठ खाऊन आणखी एक करतो. आपल्याला वाटतं, हाच खरा वस्ताद. पण खेळाडू कधीच स्वतःहून थांबत नाही. संघातून नाव जाईल, मित्र हसतील, या भीतीने तो चक्कर येईपर्यंत धावतो. त्याच्या वतीने ‘थांब’ म्हणण्याचं काम कुणीतरी मोठ्या माणसाने करायचं असतं. ‘आणखी एक’ म्हणायला घसा लागतो. ‘आज बस’ म्हणायला ज्ञान लागतं, आणि धैर्यही. हे काम शिकायला पदवी, परीक्षा आणि इतकी वर्षं का लागतात, ते आता कळलं ना?

मुलींनी भरलेलं स्टेडियम

चला, परत लिंकनला. हे सगळं मुलांपुरतंच आहे, असं मुलींना वाटलं असेल तर थांबा! स्कॉटलंडच्या मेग रिची यांनी १९८२ मध्ये ब्रिस्बेनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्णपदक जिंकलं. त्याच दशकात त्या अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात ताकदीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. एवढ्या मोठ्या विद्यापीठात हे पद मिळवणारी पहिली स्त्री! त्यांच्या हाताखाली धिप्पाड फुटबॉलपटूही मुकाट्याने वजनं उचलत.

आणि ३० ऑगस्ट २०२३ या दिवशी काय झालं, ते ऐका. लिंकनच्या त्याच मेमोरियल स्टेडियममध्ये, फुटबॉलच्या मैदानावर, उघड्या आभाळाखाली व्हॉलीबॉलचं कोर्ट आखलं गेलं. नेब्रास्काच्या मुलींचा सामना ओमाहाच्या मुलींशी होता. तो पाहायला किती प्रेक्षक आले असतील? ९२,००३! महिलांच्या खेळासाठी एवढी गर्दी जमल्याचा तो जागतिक विक्रम ठरला. नेब्रास्काने सामना ३-० असा जिंकला. त्या मुली जाळीवर उंच झेपावतात, ती झेप पहाटेच्या त्या खोलीत एकेका प्लेटने तयार झालेली असते. सामन्याच्या फलकावर मात्र वस्तादाचं नाव कधीच लागत नाही.

तुमच्यासाठी आणि आईबाबांसाठी

‘लहान वयात वजनं उचलली की उंची खुंटते,’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. जाणकार देखरेखीखाली, नीट पद्धतीने आणि झेपेल तेवढाच केलेला ताकदीचा व्यायाम मुलांना अपायकारक नाही, असं आजचं क्रीडाशास्त्र सांगतं. धोका असतो तो कुणाचं तरी पाहून, एकट्याने, एकदम जास्त वजन उचलण्यात. म्हणून आईबाबांनो, मूल कुठल्याही व्यायामशाळेत जाणार असेल, तर तिथल्या आरशांपेक्षा तिथल्या माणसाकडे पाहा. तो आधी पद्धत शिकवतो का? दुखलं की थांबवतो का? पाणी प्यायला सुट्टी देतो का?

आणि मुलांनो, तुम्हाला सुरुवात करायला पोलादी दांडाही नको. सूर्यनमस्कार, जोर, बैठका यांत उचलायचं वजन आपलं आपल्यापाशीच असतं! दोनशे पानी एक वही करा. आज नीट, न धापा टाकता किती सूर्यनमस्कार होतात, ते तारखेसह लिहा. आठवडाभर तेवढेच घाला. पुढच्या आठवड्यात एक वाढवा. एकच, दहा नव्हे! एक दिवस विश्रांतीचा ठेवा आणि तोही वहीत लिहा. दिवाळीच्या सुट्टीत पहिलं पान उघडून पाहा.

तुमच्यापैकी कुणाला हेच काम करावंसं वाटलं, तर तेही शक्य आहे. आपल्या देशात शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते. पतियाळाला १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, तिथे प्रशिक्षक तयार होतात. भारतीय क्रिकेट संघाबरोबरही ताकदीचे वस्ताद असतात. फक्त शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातला स्नायूंचा आणि हृदयाचा धडा कंटाळून उलटू नका. पुढे कुणाचा तरी जीव त्या धड्यावर अवलंबून असेल.

बोट काढलंत तरी चालेल आता. पण अ‍ॅटलासच्या पानावर लिंकनजवळ पेन्सिलीने एक लहानसा ठिपका करून ठेवा. तिथे पहाटे पाचला दिवे लागतात, एवढं लक्षात राहू द्या.